सॅक्सोफोनची रिकामी फेरी

स्वतःचा बँड काढल्यावर मास्तरांनी केलेली पहिली रेकॉर्डिंग्ज पन्नास वर्षांनी पुन्हा निघणार होती, म्हणून त्यांना स्टुडिओतून बोलावणं आलं. सॅक्सोफोन केव्हाच पेटीत गेला होता. छातीच्या डॉक्टरांनी फुंकायला सक्त मनाई केली होती. एकदा आपलं तरणं वाजवणं कान भरून ऐकावं, एवढीच आता हौस होती.

टेप सुरू झाली. पियानो, बास, ट्रम्पेट वाजवणारे तिघे आणि ड्रमवर धाकटा भाऊ. चौघांनाही जाऊन वर्षं लोटली होती, पण टेपवर कसे अगदी ताजेतवाने!

"आता मी येतो. ऐक हं, पोरी," मास्तर रेकॉर्डिस्ट बाईला म्हणाले.

ते आलेच नाहीत. सॅक्सोफोनची जागा मोकळी, आणि चौघे साथीची तीच फेरी पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. मास्तरांची शिस्तच तशी होती. त्यांनी सूर धरेपर्यंत साथीदारांनी थांबायचं नाही.

"काल तर सॅक्सोफोन होता हो," बाई पुटपुटली. "आणि टेप तीनच मिनिटांची आहे."

अकरा मिनिटं उलटून गेली होती.

ड्रमच्या आडून भावाचा खट्याळ आवाज आला. "दादा, हात दुखायला लागले रे. किती वाट बघायला लावतोस?"

मास्तरांचे डोळे भरून आले. 'आलो' म्हणायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

टेपवर सॅक्सोफोन सुरू झाला, तरणाबांड, गच्च भरलेला. बाईने वळून पाहिलं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते, आणि त्या लांबत चाललेल्या सुराबरोबर त्यांची छाती हळूहळू रिकामी होत होती.