उजव्या हाताचं काम

फिटरनं तारेची घासणी डाव्या हातात घट्ट धरली आणि पॅनवर टेकवली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका, थांबा!"

फिजिओथेरपिस्ट होती. आठवड्यातून तीनदा, दुपारी तीनला ती यायची. आज दार नुसतं लोटलेलं होतं आणि घरभर करपल्याचा वास सुटला होता, म्हणून ती बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरात आली. फिटर ओट्याशी घामाघूम होऊन उभा होता. समोर सिंकमध्ये बायकोचा नवाकोरा नॉनस्टिक पॅन, आणि त्याच्या तळाला जळलेल्या दुधाचा काळा, जाड थर.

चार महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात हलायचा, पण त्यात जीव नव्हता. तेव्हापासून बायकोनं त्याला घरातल्या कशालाही बोट लावू दिलं नव्हतं. सदऱ्याची बटणं तीच लावायची. ग्रंथालयात कामाला जाताना दूध थर्मासमध्ये भरून, पाण्याचा पेला हाताशी ठेवून जायची. आज त्याला वाटलं, थर्मासमधलं नको, आपलं दूध आपण गरम करावं. पातेली वरच्या फळीवर होती, पॅन समोर होता. त्यात दूध ओतलं, गॅस पेटवला, खुर्चीत जरा टेकला आणि डोळा लागला.

"तीस वर्षं यंत्रांचा गंज काढलाय मी," तो म्हणाला. "हे तर दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत थर जाईल आणि पॅनही जाईल. याच्यावर लेप असतो काका. तार लागली की तो खरवडून निघतो. मग हा भंगारात."

फिटरनं घासणी खाली ठेवली.

"काकू रागावतील म्हणून घाबरलात?"

"रागावली तर बरंच. ती एका शब्दानं बोलणार नाही. उद्यापासून गॅस खालून बंद करून जाईल, एवढंच."

पिशवी खाली ठेवून फिजिओथेरपिस्टनं खिडकी उघडली आणि बाह्या सारल्या.

"गरम पॅनवर गार पाणी नाही ना मारलंत? वाकतो तो."

"तापलेल्या धातूला गार पाणी लावू नये, एवढं कळतं मला," फिटर जरा घुश्शातच म्हणाला.

तिनं पॅनमध्ये पाणी घेतलं, दोन चमचे खाण्याचा सोडा टाकला आणि मंद आचेवर ठेवला. पाणी उकळू लागलं तशा थराच्या कडा सुटायला लागल्या. गॅस बंद करून तिनं पॅन निवू दिला, पाणी ओतून टाकलं, साबणाचे चार थेंब सोडले आणि मऊ स्पंज फिटरपुढे धरला.

त्यानं तो डाव्या हातात घेतला आणि असा दाबला की फेस भिंतीवर उडाला.

"जोर नको."

"जोर नाही लावला."

दुसऱ्यांदा फेस तिच्या चष्म्यावर उडाला. तिनं चष्मा पुसला. "तुमच्या डाव्याला हळू म्हणजे काय ते ठाऊकच नाही. उजवा घ्या."

"त्यात काय दम आहे?"

"दम नाही म्हणूनच."

फिटरनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि स्पंजवर ठेवला. बोटं हळूहळू मिटली. पहिल्या फेरीलाच स्पंज निसटला. त्यानं तो पुन्हा धरला. डाव्या हातानं पॅन घट्ट धरून ठेवला आणि उजवा फिरवत राहिला. मनगट वळत नव्हतं, म्हणून खांद्यातून फिरवला. मग थोडं मनगटही वळलं. नाण्याएवढा काळपटपणा गेला आणि खालचा गुळगुळीत भाग दिसला. त्यानं आणखी थोडं कोमट पाणी मागितलं. तळहाताएवढा भाग स्वच्छ झाला. कडेच्या खाचेत थर अडला होता, तिथं त्यानं एकेक बोट नेलं. फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी होती. तिनं मदत केली नाही.

शेवटी त्यानं मऊ फडक्यानं पॅन पुसला, उजेडात तिरका धरला आणि तिच्या पिशवीकडे नाइलाजानं पाहिलं.

"चला, काढा तुमचा तो दाबायचा चेंडू. व्यायाम राहिलाय."

तिनं मनगटावरचं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. "झाला की. चाळीस मिनिटं. परवा पाच मिनिटांत कंटाळला होतात."

फिटरनं आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं सुरकुतली होती, लाल झाली होती. ती त्याला फार दिवसांनी आपली वाटली.

संध्याकाळी बायकोनं दारातच नाक वर केलं. "अहो, काय जळलं?" चपला तशाच पायात ठेवून ती आत धावली.

"दूध करपलं. मला झोप लागली," त्यानं सांगून टाकलं. "पॅन घासून ठेवलाय."

तिनं पॅन उचलला, दिव्याखाली धरला, तळावरून बोट फिरवलं. कुठे ओरखडा नव्हता.

"त्या मुलीनं घासला?"

"मी."

"डाव्यानं?"

त्यानं उजवा हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यानं त्याचं एकेक बोट चाचपलं. मग पदरानं डोळे टिपले, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून आपला जेवणाचा डबा काढला. एरवी तो ती आल्या आल्या स्वतः घासून टाकायची.

आज तिनं तो उघडून त्याच्यापुढे सिंकमध्ये ठेवला.

"हाही घ्या मग," ती म्हणाली. "तेलकट आहे. साबण जरा जास्त लागेल."