रिंगेचं तोंड

"इथली सगळ्यात जुनी घासणीवाली कोण?" दोन नंबर शेडच्या दारात चौदा नंबरचा सुपरवायझर धापा टाकत उभा होता. "लवकर चला. पंप गळतोय."

बाकीच्या दहाही बायकांनी एकीकडेच बघितलं. तिने हातातली रिंग फडक्याने पुसली. तळहाताएवढी, पोलादाची. सतरा वर्षं ती हेच करत आली होती. रिंगेची एक बाजू घासायची, घासायची, आणि बोटाला काहीच लागेनासं झालं की डब्यात ठेवायची. डबा पुढे जायचा. कुठे, ते विचारायची सोय नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीत या हाताचं त्या हाताला कळत नाही, आणि ते काही गुप्तदान नव्हे.

"म्हणजे आपल्या रिंगा पंपात जातात होय गं?" शेजारच्या बाकावरची म्हणाली. "मला वाटलं, भंगारात घालतात आणि पगार पुण्य म्हणून देतात."

"बघून येते," ती म्हणाली. हातातली रिंग तिने तशीच खिशात टाकली.

वाटेत सुपरवायझरने सांगून टाकलं. पाणीपुरवठ्याचा पंप. घेणारी माणसं समोर बसलीत. तीन रिंगा बदलल्या, गळायचा थांबत नाही. "साहेब म्हणतात, खोट रिंगेत. तसं ठरलं तर उद्यापासून रिंगा बाहेरून. घासणी बंद."

"अकराजणी घरी?"

"अकराजणी."

तिने पावलं उचलली. पण डोळे काही ऐकेनात. कॅन्टीनच्या पलीकडे ती कधी आलीच नव्हती. पाच नंबरात लाल लोखंड ओतत होते. आठ नंबरात माणूसभर उंचीची चाकं फिरत होती. नवात निळा रंग, वास थेट रस्त्यापर्यंत. सतरा वर्षं उंबऱ्यावर बसून काढली आणि घर आज दिसलं, असं तिला झालं. भीतीने चालावं की हौसेने, पायांना समजेना. ते आपले पळत सुटले.

चौदात पंप उभा होता, ट्रकच्या डोक्याएवढा. खाली बादली. टप. टप. शेजारी म्हातारा फिटर मांडी घालून बसला होता, कोपरापर्यंत ओला.

"उघडून दाखवा," ती म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं. "आम्ही भिंगातून तपासलंय. तुम्ही काय बघणार?"

"मी बघत नाही. हात लावते."

फिटर हसला. त्याने पाणी बंद करून पाना लावलासुद्धा होता. "लावू द्या, साहेब. सकाळपासून गळायला वेळ आहे, तर हिला का नाही?"

झाकण निघालं. आत, अगदी पोटात, तिची रिंग. इथे बसते तर ही. तिने बोट आत घातलं, डोळे मिटले आणि एकदा गोल फिरवलं.

"आमचीच आहे," ती म्हणाली. "पण पालथी घातलीय."

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत," साहेब म्हणाले.

"दिसतात सारख्या. घासलेली एकच असते."

फिटरने रिंग बाहेर काढली, अंगठा पुसला आणि तिच्या एका बाजूवरून फिरवला, मग दुसरीवरून. मग पुन्हा पहिलीवरून. "बाई, ही डब्यात जशी येते तशीच मी बसवतो. पहिल्यापासून. हिला तोंड असतं हे मला कोणी सांगितलंच नाही."

"मलापण डब्यात कशी ठेवायची ते कोणी सांगितलं नव्हतं. एवढं घासलेलं तोंड खाली कसं घालायचं, म्हणून वर ठेवली. मग बाकीच्याही तशीच ठेवायला लागल्या."

सुपरवायझर खाकरला. "पॅकिंगवाल्यांनी डबे बदललेत. आता ते रिंगा पालथ्या करून भरतात. वर धूळ बसू नये म्हणून." तो थांबला. "नव्या डब्यांची ही पहिलीच खेप."

साहेब छताकडे बघू लागले. फिटर मात्र तिच्याकडेच बघत होता. "म्हणजे इतकी वर्षं बसवत होतीस तू," तो म्हणाला, "आणि मी नुसता पाना फिरवत होतो."

तिने खिशातली रिंग काढली आणि घासलेलं तोंड वर करून पुढे केली. फिटरने ती दोन्ही हातांत घेतली.

झाकण बसलं. कळ दाबली. पंप आधी कण्हला, मग घुमला, मग असा गरजला की पायाखालची फरशी थरथरली. ती गुडघ्यांवर बसली आणि जोडाखाली तळहात धरला. एक मिनिट. दोन. घेणाऱ्यांपैकी एकजण खुर्चीतून उठून तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"किती गावांना जाणार पाणी?" तिने हात न काढता विचारलं. मोठ्याने विचारावं लागलं.

"चाळीस."

"नाव काय हिचं?" साहेबांनी रिपोर्टसाठी पेन काढलं. सुपरवायझरने तिच्या खिशावरचा बिल्ला वाचून नंबर सांगितला. तिला ते ऐकूच गेलं नाही. ती पंप ऐकत होती.

दहा मिनिटांनी साहेबांनी मान डोलावली, तशी ती निघाली. नवाचा वास, आठाची चाकं, पाचाची आग, सगळं मागे टाकत ती दोन नंबरात शिरली. घासणीची सगळी चाकं थांबलेली. दहाजणी दाराशी.

"काय झालं? बंद की चालू?"

तिने तळहात पुढे केला.

शेजारच्या बाकावरचीने तो धरला. बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून बघितलं, मग आपल्या गालाला लावला.

"कोरडा आहे गं," ती मागच्यांना म्हणाली.