उरलेले आरसे

भारतने पोर्तुगालात समुद्राकाठी घर घेतलं. सहा महिने स्वतः राहायचं, बाकीचे सहा महिने पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं, असा त्याचा बेत. त्या परक्या घरात आपल्या हातचं काहीतरी असावं, म्हणून त्याच्या आईनं, हंसाबाईंनी, दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर बसून लाल कापडावर आरसे जडवले आणि ते कापड भिंतीवर टांगायला पाठवून दिलं. पाकिटात उरलेले आरसे त्यांनी स्वतःच्या कांचळीच्या बाहीला लावले.

आज भर दुपारी भारतचा व्हिडिओ कॉल आला.

"याडी, पाहुणे गेले आत्ताच. घर पाहून घे." आईला तो लहानपणापासून याडीच म्हणायचा.

फोन फिरवत त्यानं खिडकी दाखवली, सोफा दाखवला, मग लाल कापडाजवळ नेऊन धरला. आरसे मोठे झाले. प्रत्येकात तीच खिडकी, तोच सोफा. भारत मात्र एकातही नव्हता.

"तू कुठी उभा हायेस रे?"

"कपड्यासमोरच. काहून?"

"हात हालव बरं."

"हालवून राह्यलो ना!"

फोनसमोर त्याची बोटं हललीसुद्धा. आरशांत नुसता सोफा, त्यावर पडलेलं ऊन.

हंसाबाईंच्या हातातून फोन निसटू लागला. तो सावरताना त्यांची नजर बाहीवर गेली. तिथल्या इवल्याशा आरशांत त्यांच्या पाठीमागचं दार होतं, अंगणातला कापसाचा ढीग होता, आणि उंबरठ्यावर उभा राहून भारत हात हलवत होता.

"आता दिसलो का, याडी?"

हा आवाज फोनमधून आला नव्हता.