तीनशे एकोणिसावं खातं

“तीनशे अठरापैकी खरोखर गेले किती?” शालिग्राम सरांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“एकही नाही,” मयुरी म्हणाली.

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजच्या त्या खोलीत पंखा कुरकुरत होता. सर हसले. लोक ‘चव्हाटा’ सोडून ‘ओटा’ नावाच्या नव्या साइटवर चालले, म्हणून दोन महिन्यांपूर्वी केवढी ओरड झाली होती. निमित्त झालं एका बाईच्या ओव्यांचं. चाळीसगावकडची ताईबाई अहिराणीत ओव्या रचून चव्हाट्यावर टाकायची. एका ओवीखाली कुणीतरी लिहिलं, “बठ्ठ्या ओव्या अशुद्ध. आधी मराठी शिका, मग लिहा.” त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. ताईबाई गप्प झाली. मग चिडलेल्या तीनशे अठरा जणांनी चव्हाट्याला जाहीर रामराम ठोकला.

ते खरंच गेले का, हे मोजणं हा मयुरीचा प्रबंध होता. माणूस काय म्हणतो ते नाही, महिनाभर त्याचं बोट कुठे फिरतं ते मोजायचं.

पहिली मोजणी फसली होती. निम्म्या लोकांनी निरोप घेताना “येतो मग” लिहिलं होतं, आणि संगणकाने त्यांना येणाऱ्यांतच धरलं. मयुरीने सगळे निरोप पुन्हा डोळ्यांनी वाचले, एकेकाचा माग काढला. शेवटी संगणकच खरा ठरला. येतो म्हणाले होते, आलेच सगळे.

“आणि हे खाली एकटं कोण?” सरांचं बोट तीनशे एकोणिसाव्या ओळीवर थांबलं.

“त्याने निरोप वगैरे लिहिला नाही, सर. भांडणाच्या दिवशीच खातं बंद केलं. चव्हाट्यावर नाही, ओट्यावर नाही. कुठेच नाही.” ती जरा जास्तच ठामपणे म्हणाली.

“न बोलता गेलं तेच खरं गेलं. भेटलं तर मुलाखत घे.”

मयुरीने वही मिटली. पुठ्ठ्यावर तळहाताचा ओला ठसा राहिला.

सरांना तिने एक गोष्ट सांगितली नव्हती. ताईबाई तिची आई होती.

ज्या ओवीवर सगळे हसले, तीही मयुरीवरच होती.

*कपाशीनं बोंड फुटे, पांढरं हासू शे,*
*मन्ही लेक धुयाले, डोयामा आसू शे.*

होस्टेलवर पोरींनी ती मोठ्याने वाचली, ‘शे’ ‘शे’ करत गाद्यांवर लोळल्या. “कुणाची गं ही आई?” कुणीतरी विचारलं. मयुरी फोन घेऊन गच्चीवर निघून गेली.

शनिवारी ती चाळीसगावच्या गाडीत बसली. आईने फोनवर अट घातली होती, “एक बी मानूस मन्हासाठे खरंच गया व्हई, ते मी परत लिखसू. नही ते बस झायं.” रुसव्यात बोलायची तशी ती बोलली नव्हती. जात्यावरचं दळण संपल्यावर हात झटकावेत, तशी बोलली होती.

घरासमोर शेजारचे हिलाल नाना खाटेवर बसून फोन चाळत होते. चव्हाट्यावर.

“नाना, तुम्ही तर सोडून गेला होतात!”

“गयेल व्हतू ना पोरी,” नाना जराही न लाजता म्हणाले. “चप्पल तठेच राही गयथी, ती लेवाले फिरनू.”

आत आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. मयुरीला बघून तिने हात थांबवला नाही. पहिली भाकरी टम्म फुगली, तेव्हा विचारलं, “मोजं का?”

“मोजलं.”

“कितला गयात?”

मयुरीला वाटलं, मोठा आकडा सांगावा. आईला कुठे वही दिसणार होती? पण चुलीच्या उजेडात आईचा चेहरा इतका उघडा होता, की खोटं ओठांपर्यंत आलंच नाही.

“तीनशे अठरा बोलले, आई. ते सगळे परत आले. एक जण मात्र खरंच गेलं. काही न बोलता.”

आईचा हात थांबला. “कवय?”

“त्याच दिवशी.”

“कोन?”

“नाव सांगता येत नाही. आमच्या अभ्यासाचा नियम आहे.”

आईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, फडताळातून फोन काढला आणि हळूहळू एकेक अक्षर दाबत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मयुरीने उलटली. मग आईने फोन तिच्यापुढे धरला. दोन महिन्यांनंतरची पहिली ओवी होती.

*चव्हाटा सोडीसन, कोन उठी गयं,*
*ये वं बाई घर, बठ्ठं माफ झायं.*

मयुरीने ती दोनदा वाचली. अक्षरं हलायला लागली.

“बाई कशावरून, आई? पुरुषही असेल.”

आईने नवा गोळा हातावर घेतला.

“शुद्ध शिकाडाले उनी, आनि ‘बठ्ठ्या’ लिखी गयी,” ती म्हणाली. “हाऊ आपला अहिरानी शब्द तुले मीच शिकाडेल शे, मयू.”