सव्वीस बिल्ले

“सव्वीस डोकी मोजायला सहा मिनिटं?” हजेरीबाई बसच्या दारातच उभ्या राहिल्या. “अशानं दिवस इथंच मावळेल आमचा!”

पिवळी छत्री उंच धरलेला गाईड ओशाळला. बोट सकाळी नऊला धक्क्याला लागली होती आणि संध्याकाळी पाचला सुटणार होती. तेवढ्यात किल्ला, संग्रहालय, बाजार आणि दीपगृह उरकायचं होतं. बोट कुणासाठी थांबत नाही, हे काल जेवताना तीनदा बजावून झालं होतं.

“दाराशी हा फळा आहे, त्यावर सव्वीस बिल्ले आहेत,” बाई म्हणाल्या. “उतरताना आपला बिल्ला काढायचा, चढताना टांगायचा. फळा भरला की गाडी हलवा. वर आणखी डोकी कशाला मोजता? कारखान्याच्या गेटवर नऊशे माणसांची हजेरी घेतली मी, एकतीस वर्षं. बिल्ला टांगला म्हणजे माणूस आत!”

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. छत्रीवाल्यानं मोजणी सोडून दिली.

त्या गेटवर दुसऱ्याचा बिल्ला टांगताना कुणी सापडला, तर बाई त्याला थेट साहेबापुढे उभा करत. पण नवऱ्याची गोष्ट निराळी. हे जन्मभराचे घड्याळजी. लोकांची घड्याळं वेळेवर आणली, स्वतः मात्र कधी वेळेवर आले नाहीत. वस्तू हरवण्यात तर हातखंडा! म्हणून त्यांचा फोन, गोळ्या, बोटीचं कार्ड आणि बिल्ला, सगळं बाईंच्या पर्समध्ये.

किल्ल्यावर पंचवीस मिनिटं मिळाली. त्यानंतरची अकरा राघू-मैनेनं खाल्ली. त्या नव्या जोडप्याला हे नाव बाईंनीच ठेवलं होतं. सगळे बसमध्ये घामाघूम, फळ्यावर दोन खिळे मोकळे, आणि ही दोघं हातात हात घालून रमतगमत येतात! संग्रहालयात तेच. बाजारात बाईंना एक शाल पसंत पडली होती, घासाघीस नुकती कुठे रंगात आली होती, तोच छत्री हलली. शाल टाकून धावत आल्या, तर राघू-मैनेचा पत्ता नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यापुढे जो उशीर करील, तो राहील!” त्यांनी भर बसमध्ये जाहीर केलं. “कबूल?”

“कबूल!” सगळी बस म्हणाली. घड्याळजी तेवढे खिडकीबाहेर बघत होते.

दीपगृह टेकाडावर होतं, बस पायथ्याशीच थांबली. वर पोचेपर्यंत पावणेचार झाले. घड्याळजी बाकावर टेकले.

“उठा, चला.”

“दहा मिनिटं बसू दे गं. सकाळपासून नुसती धावाधाव. समुद्र जरा धड बघू दे.”

“चार दिवस बोटीवरून समुद्रच तर बघतोय!”

“बोटीवरून समुद्र दिसतो,” ते म्हणाले. “इथून बोट दिसते.”

खरंच, खाली धक्क्याला लागलेली बोट इथून खेळण्याएवढी दिसत होती. बाईंनाही क्षणभर बसावंसं वाटलं. मग त्यांचं मनगटाकडे लक्ष गेलं.

“मी पुढे होते. पाठोपाठ या. आणि पायऱ्यांनी या, रस्त्यानं वळसा पडतो.”

खाली येऊन त्यांनी दोन्ही बिल्ले टांगले. हळूहळू बाकीचेही आले. फळ्यावर पुन्हा दोनच खिळे मोकळे. अर्थात!

या वेळी बाई गप्प बसणार नव्हत्या. त्या बसमधून उतरल्या, पायऱ्यांकडे पाठ करून थेट रस्त्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. सव्वाचारला राघू-मैना धापा टाकत आली.

“या! पायघड्या घालू का?”

“काकू, ते—” राघू म्हणाला.

“ते-बिते काही नाही! चोवीस माणसं ताटकळत ठेवलीत!”

“अहो, पण आम्ही फक्त—”

“एक अक्षर बोलू नका! बिल्ले टांगा आणि बसा!”

मैनेनं फळ्याकडे पाहिलं, मग राघूकडे. दोघं मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसली. फळा भरला आणि बस सुटली.

गावात एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. बाई पुढच्या दांड्याला धरून उभ्याच होत्या.

“चुकली बोट तर कोण भरून देणार?” त्या कडाडल्या. “जनाची नाही, मनाची तरी असावी! अहो, मी सकाळपासून हेच सांगत होते की नाही?”

मागून उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांत अशा प्रश्नाला कधी आलंच नव्हतं.

धक्क्यावर पोचले तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. सगळे पळत सुटले. बाई शिडी चढून वर आल्या, तेव्हा त्यांचा ऊर धपापत होता, पण मन शांत झालं होतं. पोचलो एकदाचे! त्यांनी दारातल्या अधिकाऱ्यापुढे दोन कार्डं धरली.

“हे तुमचं,” तो म्हणाला. “आणि हे कुणाचं?”

“आमच्या ह्यांचं. मागेच आहेत.” बाईंनी मागे न बघताच हाक मारली. “अहो, या ना पुढे!”

कुणी पुढे आलं नाही. त्या वळल्या. मागे राघू-मैना उभी होती, आणि त्यांच्यामागे खलाशी शिडी उचलत होते.

“काकू,” राघूचा चेहरा पांढराफटक पडला होता, “मघाशी तेच सांगत होतो. काकांना दम लागला होता, आम्ही त्यांच्यापाशी थांबलो होतो. ते म्हणाले, तुम्ही पळा, बस थांबवून ठेवा, मी पायऱ्यांनी सावकाश येतो. मग फळ्यावर दोनच खिळे मोकळे दिसले. आम्हाला वाटलं, आम्ही रस्त्यानं वळसा घेतला तोवर ते पायऱ्यांनी आधीच पोचले.”

भोंगा वाजला. बोट धक्क्यापासून सुटली. टेकाडावरच्या बाकावरून ती आता छान दिसत असणार.