दर महिन्याचे प्रश्न

“जिना चढताना दम लागला का गं?” सुईत दोरा ओवता ओवता आईने विचारलं, हवापाण्याची चौकशी करावी तसं.

“छे! दोन-दोन पायऱ्या एकदम चढले,” म्हणत लेक हातपाय धुवायला गेली.

आईने शिलाई मशीनवरचा मोबाईल उचलला. रुग्णालयाच्या ॲपवर या महिन्याचे प्रश्न आले होते. दम लागतो का? नाही. पाय सुजतात का? नाही. थकवा? नाही. तिने ‘पाठवा’ दाबलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

लेक तीन वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यातून ती ठणठणीत बरी झाली. पण त्या औषधांनी पुढे कधीही हृदय कमजोर होऊ शकतं, म्हणून ही आयुष्यभराची देखरेख. लेकीला यातलं काही कळू दिलं नव्हतं. ‘जन्मापासून हृदयात बारीक छिद्र आहे’ एवढ्यावर दरवर्षीची तपासणी निभावली होती. वडील गेल्यावर तर हे गुपित सांभाळायला आई एकटीच उरली.

आता लेक बावीस वर्षांची झाली होती. सोमवारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघणार होती. ऑफिससाठीच्या तिच्या कपड्यांना आई टिपा घालत होती. तिकडे हिच्याकडे लक्ष कोण ठेवणार?

लेक बाहेर आली तशी आईने शिवण बाजूला सारलं. “बस जरा. एक गोष्ट लपवलीय तुझ्यापासून.”

आणि तिने सगळं सांगितलं. त्या सुया, उशीवर गळून पडलेले केस, आठ महिन्यांचा तो वॉर्ड. लेक मान खाली घालून ऐकत होती. रडली नाही, चिडलीही नाही.

“रागव की माझ्यावर,” आई म्हणाली. “हे ॲप आता तू सांभाळ. दर महिन्याला खरं खरं लिहायचं, काही लपवायचं नाही. वचन दे.”

लेकीने आपला मोबाईल काढला. त्यावर तेच ॲप होतं.

“अठरा पूर्ण झाली तेव्हाच हॉस्पिटलवाल्यांनी मला बोलावून सांगितलं, आई. तसा नियमच आहे त्यांचा. तेव्हापासून तुझी उत्तरं गेली, की माझी मी पाठवते.”

तिने मोबाईल आईच्या हातात दिला. चार वर्षांच्या नोंदी होत्या. सगळ्यात वरची आजचीच:

‘जिन्यात दोनदा थांबले. सोमवारी ऑपरेशनसाठी भरती व्हायला येते. आईला नोकरी लागल्याचं सांगितलंय.’