तीन दिवसांचा पाहुणा

माझ्या लेकीनं, खुशीनं हात वर केला की मी सावधच होते. काय बोलून बसेल, नेम नाही.

धरमपेठेत दीपमालाताईंकडे आमचा आई-मुलांचा बुक क्लब भरतो. दर रविवारी एक नवा मुलूख. आज वाळवंटातल्या अरबांवरचं पुस्तक वाचलं. तिथं दारी आलेल्याला, कोण कुठला हे न विचारता, तीन दिवस ठेवून घेतात म्हणे.

“ही पद्धत कोणाकोणाला आवडली?” ताईंनी विचारलं.

खुशीचा हात वर. मी मागून तिचा फ्रॉक ओढला, चिमटाही काढला. तिनं वळून पाहिलंच नाही.



“ताई, तुम्ही आमच्या घरी राहायले या नं, तीन दिवस. पाहुणे असले की बाबा आईले मारत नाही.”